मदत हवी आहे: आइस हॉकी लीगचं उरलेलं वेळापत्रक बसवायचंय, तातडीने

कडेलोट
मंडळी, जरा लवकर उत्तरं द्या, शुक्रवारी वेळापत्रक लावायचंय.

आमची हौशी आइस हॉकी संघटना आहे, मोठ्यांची. सगळं काम स्वयंसेवकांवर. वार्षिक सभेत सचिवपदासाठी कुणी हात वर करेना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. सीझनच्या मधेच रिंकचा बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर बसला, सामने बुडाले. ते कुठे घुसवायचे याचा विचार करतोय तोवर एक टीमच मोडली. आता जो तो कॅप्टन ग्रुपवर माझ्या मानेवर बसलाय.

एवढंच सांगा: टीमची नावं टाकली की उरलेलं वेळापत्रक आपोआप काढून देणारं फुकट सॉफ्टवेअर कोणतं? संघटना कशी चालवावी वगैरे नको, त्याचे सल्ले रोज मिळतात.

हिशेबनीस
सॉफ्टवेअर राहू द्या. आधी किती टीम होत्या, किती उरल्या? सिंगल राउंड की डबल, म्हणजे प्रत्येकाशी एकदा की दोनदा? आठवड्याला स्लॉट किती? किती सामने बुडाले? मोडलेली टीम तोवर कुणाकुणाशी खेळली होती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गूगलशीट_भक्त
कशाला हवंय सॉफ्टवेअर? साधी शीट पुरते. एक टीम जागेवर ठेवायची, बाकीच्या दर आठवड्याला एकेक घर गोल सरकवायच्या. समोरासमोर येतील त्यांचा सामना. टीम विषम असतील तर एक खोटी टीम धरायची, तिच्यासमोर येईल त्याला बाय, म्हणजे त्या दिवशी सुट्टी. पाच मिनिटांचं काम आहे.

कडेलोट
भक्तसाहेब, ते सीझनच्या सुरुवातीला. अर्ध्यात मोडलेलं कसं जोडू?

हिशेबनीस, आठ होत्या, सात उरल्या. डबल राउंड, चौदा रविवार, दर रविवारी ७५ मिनिटांचे चार स्लॉट. प्लेऑफ त्यानंतर, त्या तारखांना हात लावायचा नाही.

अजून_एक_आई
मुलांसाठी स्केट घेताना नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्या. सगळे मोठे घेतात, पाऊल वाढेल म्हणून. घोटा आत हलला की मूल बर्फावर उभंच राहत नाही. आमचा पहिला सीझन त्यातच गेला.

कडेलोट
ताई, आमच्याकडे सगळे चाळिशीचे आहेत.

अजून_एक_आई
मग तर घोटे अजूनच जपा.

हिशेबनीस
अर्धी उत्तरं अजून बाकी आहेत. कोणते रविवार बुडाले? आणि टीम नेमकी कधी मोडली?

कडेलोट
पहिली फेरी पूर्ण झाली होती. आठवा आणि नववा रविवार कॉम्प्रेसरने खाल्ला. दहाव्याच्या काही दिवस आधी एका टीमच्या कॅप्टनचा मेसेज आला की जमत नाही. म्हणून दहाव्याचे ठरलेले सामनेही रद्द केले.

हिशेबनीस
रद्द म्हणजे? तो रविवार फुकट गेला की अजून यायचाय?

कडेलोट
येता रविवार तोच. खेळायचाच आहे, फक्त कोण कुणाशी ते ठरलेलं नाही.

हिशेबनीस
मग जमतंय. पहिली फेरी पूर्ण झाली हे तुमचं नशीब. मोडलेली टीम प्रत्येकाशी एकेकदाच खेळली, त्यामुळे कुणाचा सामना कमी नाही, कुणाचा जास्त नाही.

आता आकडे बघा. सात टीमची एक फेरी म्हणजे २१ सामने. पाच रविवार गुणिले चार स्लॉट, म्हणजे २०. एक सामना बाहेर राहतो. तुमचा सगळा गोंधळ त्या एका सामन्याचा आहे.

गूगलशीट_भक्त
एवढंच नाही. सात टीम आणि चार स्लॉट, म्हणजे दर रविवारी एका टीमला दोनदा उतरावं लागणार. पाच रविवारी पाच टीमवर डबल येईल, दोन सुटतील. सुटलेल्या कोण, यावरून ग्रुपवर रामायण होणार.

रात्रपाळी_डिफेन्स
मग स्लॉट ६० मिनिटांचे करा! ७५ चे चार म्हणजे ३०० मिनिटं, ६० चे पाच म्हणजेही ३००. एका रविवारी पाच सामने बसवले की २१ पूर्ण. आमच्याकडे वर्षानुवर्षं रनिंग क्लॉक आहे, खेळ थांबला तरी घड्याळ चालूच; कुणी मेलं नाही.

शिट्टीवाला
कुणी मेलं नाही, पण पेनल्टीचा खेळखंडोबा होतो. रनिंग क्लॉकमध्ये दोन मिनिटांची मायनर, म्हणजे छोटी पेनल्टी, ती काय उरते? पक, म्हणजे खेळायची चकती, काचेवरून बाहेर गेला, नवा आणला, फेसऑफ लावून खेळ पुन्हा सुरू केला, तोवर निम्मी शिक्षा संपते. म्हणून काही लीग ती तीन मिनिटांची करतात. शेवटच्या दोन मिनिटांत फरक कमी असेल तर घड्याळ थांबवायचं, हेही आधी लिहून ठेवावं लागतं. आणि झांबोनी, ती बर्फ सपाट करणारी गाडी? दहा मिनिटं तरी तिला द्यावी लागतातच. ६० मधून ती वजा करा, वॉर्मअप वजा करा, खेळायला काय उरलं?

रात्रपाळी_डिफेन्स
तुम्हा रेफ्री लोकांना कायमच वेळ हवा असतो.

शिट्टीवाला
आम्हा रेफ्री लोकांना शिव्या न खाता घरी जायचं असतं. सीझनच्या शेवटी एकेक जण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो आणि परत येत नाही, ते मानधनामुळे नव्हे. बेंचवरून जे ऐकावं लागतं त्यामुळे. कॅप्टनने आपल्या माणसाला गप्प बसवलं पाहिजे, एवढा एक नियम करा, तुमची रेफ्रीची टंचाई अर्धी होईल.

बर्फवेडा
अवांतर: झांबोनी हे आडनाव आहे. फ्रँक झांबोनी याने १९४९ मध्ये ते यंत्र बनवलं. त्याआधी माणसं बर्फ खरवडायची, पाणी मारायची आणि ते गोठायची वाट बघायची. गरम पाणी का वापरतात माहीत आहे का? ते वरचा थर किंचित वितळवतं आणि खाचांत नीट बसतं, म्हणून जोड पक्का होतो.

रात्रपाळी_डिफेन्स
झालं, आता धागा बर्फावर घसरला.

मोजका
एक विचारू? रिंकचा कॉम्प्रेसर बसला, तुमचा नाही. दोन रविवारचे आठ स्लॉट तुम्हाला मिळालेच नाहीत. त्याचे पैसे भरले होते ना? रिंकने काय दिलं?

कडेलोट
खजिनदार म्हणतात क्रेडिट पडलंय. पण ते फक्त आठवड्यातल्या रात्री उशिराच्या स्लॉटला चालतं म्हणे. रात्री अकराला कोण येणार? सकाळी कामावर जायचं असतं लोकांना. म्हणून मी ते धरलंच नव्हतं.

हिशेबनीस
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं! तुमच्या हातात आठ स्लॉट आहेत आणि तुम्ही एकासाठी रडताय.

मोजका
‘म्हणे’ म्हणजे कुणी म्हटलं? करारात लिहिलंय की काउंटरवरच्या माणसाने सांगितलं? करार कुणाच्या सहीचा आहे?

कडेलोट
मागच्या अध्यक्षांच्या. ते आता दुसऱ्या गावी असतात. करार त्यांच्याकडून मागवलाय.

मोजका
तो येऊ द्या, पण त्याची वाट बघत बसू नका. रिंकच्या मॅनेजरला सरळ फोन करा. आठच्या आठ रविवारी द्या असं म्हणू नका, नाहीच म्हणेल. एकच मागा. कोणत्याही एका रविवारी तुमच्या पहिल्या स्लॉटच्या आधी किंवा शेवटच्याच्या नंतर. बाकीचे सात रात्रीचे घेतो म्हणा. रात्रीच्या स्लॉटना त्यांनाही गिऱ्हाईक नसतं.

रात्रपाळी_डिफेन्स
सात रात्रीचे घेऊन करणार काय? माझ्या लीगला द्या, आम्ही अकरालाच खेळतो. नाव उगाच नाही माझं.

गोली_हवाय
सगळे स्लॉटमागे लागलेत, खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. मोडलेल्या टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर, कुठे गेला?

कडेलोट
त्याला दोन टीम बोलावतायत. आणि त्यांच्या दोन चांगल्या फॉरवर्डना एका कॅप्टनने परस्पर घेतलंय. तो म्हणतो, टीम मोडली म्हणजे खेळाडू मोकळे.

गोली_हवाय
बघा! आता टेबलमधली पहिली टीम दोन फॉरवर्ड जास्त घेऊन प्लेऑफला जाणार. तिलाच मिळालेत ना?

कडेलोट
दुसरी.

गोली_हवाय
तेच ते. आमच्याकडे नियम आहे: मोडलेल्या टीमचे खेळाडू संघटनेचे, कॅप्टनचे नव्हेत. टेबलमध्ये तळाला असलेली टीम पहिली निवडते, मग तिच्या वरची, असं उलट्या क्रमाने. गोली कुणालाच द्यायचा नाही. त्याला सगळ्यांसाठी राखीव ठेवायचा. ज्याचा गोली आजारी त्याने या राखीव गोलीला बोलवायचं, गोलीकडून फी घ्यायची नाही. उपयोग किती होतो ते पहिल्याच रविवारी कळेल. गोलीशिवाय सामना म्हणजे नेटला लाकडी फळी लावून नेमबाजी.

रात्रपाळी_डिफेन्स
खेळाडू काय गुरं आहेत वाटून द्यायला? त्यांनी पैसे भरलेत. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर खेळू द्या की.

गोली_हवाय
मित्रांबरोबर खेळा, पुढच्या सीझनला. अर्ध्या सीझनमध्ये नाही. पैसे परत हवे असतील तर उरलेल्या सामन्यांच्या हिशेबाने परत द्यावेत.

हिशेबनीस
परत देण्याआधी खजिनदाराला विचारा. रिंकचं भाडं आधीच गेलेलं असतं, खेळाडू सुटला म्हणून रिंक पैसे सोडत नाही. पंधरा जणांना परतावा दिला तर उरलेल्यांवर बोजा येतो.

आणि मोडलेल्या टीमविरुद्धचे गुण धरताय की पुसताय? नियमावलीत काय आहे?

कडेलोट
नियमावली दोन पानांची आहे. त्यात जर्सीचे रंग आहेत आणि बेंचवर बाटल्या टाकू नयेत असं आहे.

गूगलशीट_भक्त
पुसा. ती टीम शेवटी शेवटी आठ-नऊ जणांनी खेळत असणार. सुरुवातीला जे भेटले त्यांना खरी टीम भेटली, नंतरच्यांनी दहा-दहा गोल मारले.

हिशेबनीस
पुसू नका. जे सुरुवातीला खरंखुरं जिंकले त्यांचे गुण का घ्यायचे? सगळे एकेकदा खेळलेत. गुण ठेवा, फक्त गोलफरकातून ते सामने वगळा. बरोबरी फोडताना उरलेल्या सात टीममधलेच गोल मोजा.

बर्फवेडा
अजून एक. नवीन खेळाडू टीममध्ये येतायत तर नेक गार्ड, म्हणजे गळ्याचं संरक्षण, तपासा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात ॲडम जॉन्सनच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत नेक गार्ड सगळ्यांना सक्तीचा केला, मोठ्यांनाही.

रात्रपाळी_डिफेन्स
तो व्यावसायिक खेळ. आम्ही रात्री अकराला रांगतो. मला त्यात श्वास घेता येत नाही.

शिट्टीवाला
पातं व्यावसायिक आणि हौशी बघत नाही. उलट हौशी माणूस पडताना पाय वर करतो, तो जास्त धोका. माझ्या सामन्यात गार्ड नसेल तर मी बर्फावर येऊच देत नाही.

कडेलोट
लोकहो, वेळापत्रक!

गूगलशीट_भक्त
बसवलं. पाचवा स्लॉट मिळाला असं धरून.

चार साध्या रविवारी: पहिला सामना क-ख, दुसरा ग-घ, तिसरा क-च, चौथा छ-ज. म्हणजे क दोनदा, मधे एक सामना विश्रांती.

पाच स्लॉटच्या रविवारी: क-ख, ग-घ, क-च, ग-छ, च-ज. क पहिला आणि तिसरा, ग दुसरा आणि चौथा, च तिसरा आणि पाचवा. कुणालाही लागोपाठ दोन सामने नाहीत.

अक्षरं दर रविवारी बदलायची. चार रविवारी एकेक आणि त्या एका रविवारी तीन, असे सात डबल होतात, म्हणजे प्रत्येक टीमवर बरोब्बर एक. २१ सामने, एकही जोडी दोनदा येत नाही. ताडून बघितलंय, शीट खाजगी मेसेजने पाठवतो.

कडेलोट
भक्तसाहेब, दंडवत. एकेक डबल सगळ्यांना म्हटल्यावर कॅप्टन तोंड उघडणार नाहीत.

मॅनेजरशी बोललो. शेवटच्या रविवारी आमच्या पहिल्या स्लॉटच्या आधी एक द्यायला तयार आहे, क्रेडिटमधून, वेगळे पैसे नाहीत. त्या वेळी त्यांचं सगळ्यांसाठीचं स्केटिंग नसतं. सकाळी फार लवकर आहे, पण रात्री अकरापेक्षा बरं. बाकीच्या सातांचं पुढे बघू. फॉरवर्डच्या बाबतीत समितीची बैठक लावलीय, तोवर दोघांनाही कुठल्याच टीममधून उतरायचं नाही असं कळवलं. त्या कॅप्टनने ग्रुप सोडला.

गोली_हवाय
येईल परत. आणि गोली?

कडेलोट
राखीव. त्याला स्वतःलाच आवडलं, जास्त सामने मिळतील म्हणाला.

शिट्टीवाला
त्या पाच सामन्यांच्या रविवारी रेफ्री किती आहेत?

कडेलोट
दोन. नेहमीचेच.

शिट्टीवाला
दोघांनी सलग पाच? सव्वासहा तास स्केटवर? चौथ्या सामन्यात त्यांना ऑफसाइड दिसणार नाही, पाचव्यात पक. अजून दोघे शोधा, आणि आजच. शेवटच्या आठवड्यात कुणी मोकळं नसतं.

कडेलोट
तुम्ही येता का?

शिट्टीवाला
बेंचबद्दलचा तो नियम आधी लिहून दाखवा, मग बोलू.