'चंद्रकांता' पुन्हा पाहताना राजपुत्र फिका का वाटतो?

रामबागकर (इंदूर):
१९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' सुरू झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रविवारी सकाळी पोहे-जिलबीच्या पुड्या घेऊन शेजारी आमच्या ओसरीत दाटीवाटीने बसत, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी. गेल्या महिन्यात मुलीबरोबर ती मालिका पुन्हा पाहायला घेतली. तेव्हा माझा सारा जीव वीरेंद्रसिंहात अडकलेला असे; आता मात्र शाहबाज खानचा तो राजपुत्र प्रेमात पडणे आणि तलवार उपसणे यांपलीकडे फारसे काही करताना दिसत नाही, आणि इरफान खानचा बद्रीनाथ हा ऐयार, म्हणजे वेषांतरात तरबेज असा राजदरबारी हेर, पडद्याच्या कडेला नुसता उभा असला तरी नजर त्याच्याकडेच जाते. इरफान पुढे मोठा नट झाला हे ठाऊक असल्यामुळे असे होते, की मुळात पात्रांच्या घडणीतच हा फरक आहे?

लष्करकर (ग्वाल्हेर):
घडणीतच आहे. देवकीनंदन खत्रींची मूळ हिंदी कादंबरी १८८८ सालची. तिच्या प्रस्तावनेतच ते सांगतात की, रूप पालटणे, औषधांची माहिती, गाणेबजावणे, धावणे, शस्त्रे चालवणे, हेरगिरी असे सगळे ऐयाराला येत असे आणि राजांची भांडणे तो रक्त न सांडता मिटवी. राजपुत्राला नाव, गड आणि सैन्य जन्मानेच मिळालेले असते. ऐयाराजवळ असतो एक बटवा, त्यात बेशुद्ध करण्याची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा, एवढ्यावर त्याला दर वेळी नव्याने निभावून न्यावे लागते. शिवाय कादंबरीतला बद्रीनाथ आधी वीरेंद्रसिंहाचा शत्रू असलेल्या चुनारच्या राजा शिवदत्ताचा चाकर असतो आणि पुढे वीरेंद्रसिंहाच्या पक्षात येतो. ज्याला बाजू बदलताना मनाशी काही हिशेब करावा लागतो, ते पात्र चाळिशीतल्या प्रेक्षकाला जवळचे वाटणारच.

वाडीकर (वडोदरा):
वरचे विवेचन पटते, पण ते सगळे पुस्तकातले झाले. मालिका ज्याने खाल्ली तो खलनायक क्रूरसिंह. अखिलेंद्र मिश्रांच्या त्या वर चढलेल्या झुपकेदार भिवया आणि प्रत्येक वाक्याला जोडलेले 'यक्कू' आमच्या वर्गातली निम्मी मुले आरशासमोर घोकत असत. आता पाहताना हसू येतेच, पण हेही जाणवते की राजकन्या चंद्रकांता आपल्याला कधीच मिळणार नाही हे इतर कोणाहीपेक्षा त्यालाच आधी कळलेले आहे, आणि म्हणून तो इतका आरडाओरडा करतो.

माळव्यातली वाचक:
तिघेही पुरुषांविषयीच बोलत आहात. नाव चंद्रकांतेचे असले तरी तिच्या वाट्याला बहुतांश वाट पाहणे आणि कैदेत पडणेच येते. धावाधाव करते ती तिची सखी चपला, जी स्वतः ऐयारा आहे आणि वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह याला तोडीस तोड उतरते. मला बद्रीनाथापेक्षाही तिचे कौतुक अधिक वाटते, कारण तिची निष्ठा गादीशी नसून मैत्रिणीशी आहे. लहानपणी मात्र मला तिचे नावही लक्षात राहिले नव्हते, सगळे लक्ष राजकन्येच्या दागिन्यांकडे.

रामबागकर (इंदूर):
चपलेचा मुद्दा मला सुचायला हवा होता, कारण माझ्या मुलीने तो दुसऱ्याच दिवशी काढला होता. तिने विचारले, "बाबा, चंद्रकांता इतक्यांदा पळवली जाते, तर चपला तिलाही एक बटवा का देत नाही?" मी म्हटले, पुढचा भाग लावतो.