बाळंतपणात बाळाला इजा: डॉक्टरांचा निष्काळजीपणा कशावर ठरतो?

पारिजात
खासगी रुग्णालयात नॉर्मल बाळंतपण. बाळ रडलं नाही, लगेच काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर 'एचआयई ग्रेड २' (प्राणवायू कमी पडून मेंदूला झालेली मध्यम इजा) एवढंच. आता आठ महिन्यांचं आहे, मान धरत नाही. ग्राहक आयोगात नेमकं काय सिद्ध करावं लागतं?

वकील_कोल्हापूर
बाळाला इजा झाली एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. जेकब मॅथ्यू निकालात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने बोलमची कसोटी मान्य केली: त्या विषयातल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलं असतं, ते इथे झालं का? सर्वांत निष्णात डॉक्टरशी तुलना होत नाही. त्यापुढे, त्या चुकीमुळेच इजा झाली हेही दाखवावं लागतं. खरी कसोटी तिथेच लागते.

तक्रारीची मुदत २ वर्षं. उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. कोणता आयोग, हे मागितलेल्या भरपाईवर नाही, रुग्णालयाला दिलेल्या बिलावर ठरतं. बिल ५० लाखांच्या आत असेल तर भरपाई दोन कोटी मागितली तरी जिल्हा आयोगच.

लेबररूम
आधी कागद मिळवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ७२ तासांत प्रती देणं बंधनकारक आहे. पूर्ण इनडोअर पेपर, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता), नर्सिंग नोंदी, एनआयसीयूचे (नवजात अतिदक्षता विभागाचे) पेपर, नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लता) आणि सीटीजीच्या (बाळाचे ठोके व कळा टिपणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्या, सगळं नाव घेऊन मागा. पट्टी थर्मल कागदाची असते, फिकी पडते. हाती येताच फोटो काढा.

मग घड्याळ लावून वाचा. कळा जोरात असताना बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर करताना दर ५ मिनिटांनी बघायचे असतात. समजा २:१० ला ठोके ९०, म्हणजे धोक्याइतके कमी, लिहिलेत आणि पुढची नोंद थेट २:५५ ची. तुमची अख्खी केस त्या ४५ मिनिटांत आहे. तेव्हा ऑक्सिटोसिनची (कळा वाढवणारी) ड्रिप चालूच होती का, वरिष्ठांना कधी बोलावलं, सिझेरियनचा विचार झाला का?

नाळेचा पीएच ७.० च्या खाली आणि ५ व १० मिनिटांचा ॲपगार (जन्मानंतर बाळाच्या स्थितीला दहापैकी दिलेले गुण) ५ च्या खाली असेल तर प्राणवायू बाळंतपणाच्या सुमारास कमी पडला, असं म्हणायला आधार मिळतो. पीएच चांगला असेल तर जंतुसंसर्ग किंवा जनुकीय कारणही शोधावं लागेल. कूलिंग (मेंदू वाचवण्यासाठी बाळाचं शरीर थंड ठेवणं) दिलं नाही, या मुद्द्यावर मात्र भर देऊ नका. २०२१ च्या हेलिक्स चाचणीत भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या बाळांना त्याचा फायदा दिसला नव्हता.

पारिजात
कागद मागितले तर रुग्णालयवाले म्हणतात, कोर्टाचा आदेश आणा. तज्ज्ञाचं मतही लागतंच का?

वकील_कोल्हापूर
आदेश लागत नाही, पालक म्हणून तुमचा हक्क आहे. व्ही. किशन राव निकालानुसार (२०१०) प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ सक्तीचा नाही. पण इथे कारण दाखवायचंय, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवजातशिशुतज्ज्ञ, दोघांचं लेखी मत घ्याच.

लेबररूम
आणि निकालाची वाट बघत थेरपी थांबवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या लवकर उपचारांच्या केंद्रात) ती मोफत मिळते. बाहेर केलीत तर प्रत्येक पावती जपा, पुढच्या खर्चाचा हिशोब त्यावरच मांडता येतो.