'विषावर उतारा' की 'अवयवरक्षक'?

दादरची अनुवादक: एका मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. शिसं, कॅडमियम, पारा यांनी यकृत-मूत्रपिंडांना होणारी इजा आणि ती कमी करणारे औषधी वनस्पतींचे अर्क, असा विषय. संपादकांना मथळा 'जड धातूंवर वनस्पतींचा उतारा' असा हवाय. 'उतारा' बसतो का इथे? आणि अँटिऑक्सिडंट तसाच ठेवू?

मुलुंडकर: उतारा नको. उतारा चढलेलं विष उतरवतो (चौकातला लिंबू-भाताचा आणि तलाठ्याकडचा सोडून बोलतोय). कॅडमियम मूत्रपिंडात बसलं की हलत नाही; त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला १० ते ३० वर्षं लागतात. हे धातू गंधकाला चिकटतात. पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन हे द्रव्य गंधकवालं, ते त्यात खर्ची पडतं आणि मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, पेशीची नासधूस करणारे अतिक्रियाशील कण) मोकाट सुटतात. हळद-आवळ्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं मुख्यतः या मूलकांना आवरतात. नासधूस कमी झाली म्हणून धातू बाहेर गेला असं होत नाही. शिशाच्या विषबाधेत डायमरकॅप्रॉल, सक्सिमर देतात, ती धातूला धरून लघवीवाटे बाहेर नेतात. उतारा म्हणायचं तर त्यांना म्हणा.

गिरगावच्या बाई (रसायनशास्त्र, निवृत्त): सहमत. शिवाय असे प्रयोग बहुतांशी उंदरांवर झालेत आणि अर्क पुष्कळदा धातूच्या आधी किंवा सोबतच दिलेला असतो. आधी देतात त्याला उतारा कसं म्हणायचं?

अँटिऑक्सिडंट राहू दे. 'प्रतिऑक्सिडीकारक' वर्गात चालतो, पण पार्ल्यात सकाळी फिरायला येणारे आजोबाही अँटिऑक्सिडंटच म्हणतात.

खरी अडचण 'अर्क' शब्दाची आहे. ओव्याचा अर्क ऊर्ध्वपातनाने काढतात. उकळून आटवला तो काढा, पाला ठेचून पिळला तो स्वरस, आणि गुळवेलीचं सत्त्व म्हणजे पाण्याच्या तळाशी बसलेलं पीठ. प्रयोगशाळेत मात्र बहुधा अल्कोहोलात नाहीतर पाण्यात भिजवून, गाळून, द्रावक उडवून उरेल ते घेतात. मूळ लेखात पद्धत दिली असेल तर 'अल्कोहोलात काढलेला अर्क' असं स्पष्ट लिही. नाहीतर वाचक घरी काढा उकळायला ठेवतील.

दादरची अनुवादक: गुळवेल आहेच लेखात, 'यकृतरक्षक' म्हणून.

मुलुंडकर: मग तो शब्द बिनशर्त लावू नका. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली, वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असेल असंही म्हटलं. वाद काही असो, 'रक्षक' लिहिताना कुणात, कशापासून, हे यायलाच हवं.

माहीमकर: थोडं विषयांतर. जड धातू आपल्या बोलण्यात केव्हाचे आहेत! शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ आर्सेनिकचा. पोथीतली चूक झाकायला पिवळा हरताळ लावत, त्यावरून 'हरताळ फासणे'. शिसपेन्सिलीत मात्र शिसं औषधालाही नाही, नुसतं ग्राफाइट.

गिरगावच्या बाई: आणि आर्सेनिक काटेकोरपणे धातूच नव्हे, धातुसदृश. लेखात ते 'जड धातूं'मध्ये आलं असेल तर तळटीप दे.

दादरची अनुवादक: संपादकांना पाठवते: 'कॅडमियमची इजा वनस्पतींच्या अर्काने सौम्य'.

मुलुंडकर: 'उंदरांमध्ये' राहिलं.