पिकअपची स्टेपनी खाली उतरतच नाही, साखळी गंजली आहे. कापू का?

वेलीमांडव (इंदूर)

नमस्कार. आधी काय झालं ते सांगते, नाहीतर सगळे 'मेकॅनिककडे न्या' म्हणून मोकळे होतील.

सुदामानगरला आमची छोटी रोपवाटिका आहे. पिकअप २०१५ची, सेकंडहँड, आमच्याकडे येऊन चार वर्षं झाली. गाडी मीच चालवते. मागच्या गुरुवारी बडवाहला सव्वाशे कुंड्या पोचवायच्या होत्या. सिमरोल गेलं, भेरूघाट उतरायला लागलो आणि मागचं डावं चाक बसलं. जॅक होता, पाना होता. स्टेपनी हौद्याखाली साखळीने टांगलेली असते, ती खाली सोडायची लांब दांडी मात्र सीटमागे नव्हती. माळीदादा आधी गप्प. मग म्हणाले, "ताई, ती तर बोगनवेलीला लावलीय." पावसाळ्यात वेल पडत होती, हाताला लोखंडी दांडी लागली, रोवली जमिनीत!

एका ट्रकवाल्याने त्याची दांडी दिली. आता बंपरमधलं भोक सापडेना. म्हणजे भोक होतं, पण कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधून ते लिंपून टाकलं होतं. काडीने कोरून काढलं. दांडी बसली, दीड आटा फिरली, 'कट्' झालं आणि संपलं. ट्रकवाला खाली वाकून म्हणाला, "बहनजी, इसको तो जंग खा गई." शेवटी बलवाड्याहून पंक्चरवाला मोटरसायकलवर आला, चाक काढून नेलं, पंक्चर काढून आणलं. दोन तास गेले आणि मोगऱ्याच्या अर्ध्या कुंड्यांनी माना टाकल्या.

घरी येऊन टॉर्च घेऊन बघितलं. साखळीच्या कड्या एकमेकींना चिकटून जणू एकच सळई झाली आहे, वर पांढरट-हिरवट खपली. ती कशाची ते लगेच कळलं. आम्ही हौद्यातच रोपांना पाणी घालतो. ते खताचं पाणी फटीतून नेमकं साखळीवर आणि स्टेपनीवर ठिबकतं. चार वर्षं रोज.

ग्राइंडरने साखळी कापू का? की न कापता उतरेल? आणि परत खाली टांगण्यात अर्थ आहे, की हौद्यातच टाकून ठेवू?


मंडपवाला_रामबाग

ताई, कापा आणि हौद्यात टाका. माझी तीन वर्षं हौद्यातच आहे, बांबूंच्या खाली. तसंही स्टेपनी ठेवायचा नियम २०२० मध्ये काढून टाकलाय सरकारने.


पाना_अठरा (देवास नाका)

मंडपवाले भाऊ, नियम पुरता वाचा. ती सूट नऊपर्यंत सीट असलेल्या प्रवासी गाड्यांना आहे, आणि तीसुद्धा ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा गाडीत असेल तरच. मालवाहू पिकअप त्यात येत नाही. आणि रात्री घाटात सगळे बांबू उतरवून स्टेपनी काढाल तेव्हा मला आठवा.

ताई, कापायची घाई नको. आधी अडलंय काय ते बघा. दोन वेगळे आजार असतात. दांडी फिरते, साखळी सैल पडते, पण चाक वरच चिकटून राहतं: म्हणजे साखळी गुंडाळणारी चक्री ठीक आहे, रिम वरच्या पट्टीला गंजाने धरली आहे. तिथे चेसिस आणि रिमच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून बाजूने दाबली की सुटतं. दांडीच फिरत नाही: म्हणजे चक्री किंवा साखळी अडली आहे. तुमचं हे दुसरं वाटतं. दीड आटा फिरली म्हणताय, तर चक्रीचा दांडा जिवंत आहे. आखडलेली साखळी चक्रीच्या तोंडाशी अडकली असणार.

असं करा. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गियरमध्ये, पुढच्या चाकांना विटा. तारेच्या ब्रशने साखळीवरची खपली झाडा, नुसत्या पाण्याने धुऊन वाळू द्या. खताचं मीठ राहिलं तर वर कितीही तेल ओता, खालून खातच राहील. मग सियागंजात मिळतो तो गंज सोडवायचा स्प्रे. तो साखळीवर, चक्रीच्या तोंडात आणि दांडी जिथे आत बसते तिथे. रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. नंतर दांडी लावून आधी *आवळायच्या* बाजूला पाव आटा, मग सोडायच्या बाजूला अर्धा. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. शेजारी कुणालातरी लाकडाचा तुकडा साखळीला लावून हातोडीने हलके ठोके मारायला सांगा. एकेक कडी सुटी होते, आवाज बदलतो, कळतं तुम्हाला.

दांडीला पाइप लावून जोर करायचा नाही. आतली पिन तुटते, मग स्टेपनी ना वर ना खाली. बॅटरीवरची नट खोलायची गनही नको.

आणि चाकाखाली झोपून हे करायचं नाही. टायरसकट ते पंचवीस-तीस किलोचं धूड असतं. खाली जुना टायर किंवा मातीच्या गोण्या रचा, तुमच्याकडे त्याला तोटा नाही. कापायची वेळ आलीच तर चाकाचा भार आधी खालून जॅकवर घ्यायचा, मग ग्राइंडर. ठिणग्या उडतात, डिझेलची टाकी कुठे आहे ते बघून घ्या.


दांडियाबाजार (वडोदरा)

पाना काकांचं सगळं मान्य. पुढचं लिहितो. सुटल्यावर लोक साखळीला ग्रीस थापतात. माझा त्याला विरोध. ग्रीसवर धूळ बसून जी लगदी होते तीच साखळी घासते. मी इंजिनऑइलचा पातळ हात ब्रशने फिरवतो आणि फडक्याने पुसतो.


पाना_अठरा (देवास नाका)

चक्रीच्या आत ग्रीस, साखळीवर तेल. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत तर हे नक्कीच. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंट.


वेलीमांडव (इंदूर)

उतरली!! रविवारी सकाळी, तिसऱ्या स्प्रेनंतर. माळीदादांनी ठोके मारले, मी दांडी फिरवली. आधी पाव आटा, मग अर्धा, आणि एकदम कड्या कुरकुरत सुटायला लागल्या, ओले पापड मोडल्यासारख्या. चाक गोण्यांवर बसलं. साखळीच्या टोकाची, रिमच्या मधल्या भोकात अडकणारी पत्ती तिरकी केल्यावर साखळी सुटली.

आता लाजेची गोष्ट. हवा मोजली तर १२ पीएसआय. म्हणजे त्या दिवशी उतरली असती तरी काही उपयोग नव्हता. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे आहेत ३४१४. याचा अर्थ काय? नक्षी तर नवी कोरी दिसते.


पाना_अठरा (देवास नाका)

३४वा आठवडा, २०१४. टायर तेव्हाचा आहे. नक्षीवर जाऊ नका, न चालता रबर म्हातारं होतं. बाजूच्या भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा बघा. दहा वर्षं उलटलेला टायर भरल्या पिकअपखाली मी घालणार नाही, भेगा दिसोत न दिसोत. रिम ठेवा, घासून रंग मारा, टायर बदला.

हवा महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप कमी होते, चार वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. स्टेपनीत नेहमी दाराजवळच्या स्टिकरवरचा *भरलेल्या* गाडीचा मागच्या चाकाचा आकडा भरायचा. पुढे लावायची झाली तर हवा सोडता येते, घाटात भरता येत नाही.


दांडियाबाजार (वडोदरा)

ताई, साइज बघितलं का? आधीच्या मालकाने मिळेल ते टांगलेलं असतं.


वेलीमांडव (इंदूर)

दादा, तुमच्या तोंडात साखर पडो. बघितलं, वेगळं आहे! चाकांवर २१५/७५, स्टेपनीवर १९५. म्हणजे चार वर्षं मी दुसऱ्याच गाडीचं चाक खाली टांगून फिरत होते.


दांडियाबाजार (वडोदरा)

नवा टायर येईपर्यंत ते मागे लावू नका. मागची चाकं इंजिन ओढतं, दोन्हींचा घेर वेगळा असला की डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारे गियर) सतत राबत राहतं. अगदीच अडलं तर पुढचं चाक मागे आणि हे पुढे, तेही हळू, गॅरेजपर्यंतच.


वेलीमांडव (इंदूर)

नवा टायर बाकीच्या चाकांच्याच साइजचा आणला, रिमला रंग मारला. हौद्याच्या त्या फटीखाली जुन्या पाण्याच्या टाकीचा पत्रा वाकवून पन्हळ लावलीय, आता पाणी बाजूला पडतं. वर चढवताना पहिल्यांदा पत्ती तिरकी बसली होती, चाक एका बाजूला झुकलं. परत सोडलं, हाताने सपाट धरून चढवलं, हाताने हलेना इतकं आवळलं. काल महूला जाऊन आल्यावर पुन्हा बघितलं तर अर्धा आटा अजून बसला.

दर अमावास्येला पूर्ण खाली उतरवून हवा बघायची असं ठरलंय. तारीख माझ्या लक्षात राहत नाही, माळीदादांच्या अमावास्या राहते. भोकात बाटलीचं बूच ठोकलंय कुंभारणीसाठी. दांडी सीटमागे तारेने बांधली. बोगनवेलीला बांबू.


मंडपवाला_रामबाग

बांबू हवे असतील तर सांगा ताई. माझ्याकडे स्टेपनीवर पडलेत.