मदत हवी आहे: काळ्या मातीतून गॅलम्निडी माइटची पिल्लं उतरत नाहीत

मंडळी, गॅलम्निडी म्हणजे मातीत राहणाऱ्या, कवचवाल्या माइटचं (कोळ्यांच्या वर्गातले बारीक जीव) एक कुळ. नमुना इंदूरजवळच्या सोयाबीनच्या बांधावरचा आहे, वरचा 5 सेंटिमीटर थर पालापाचोळ्यासकट. बर्लेसी नरसाळं (वरून उष्णता देऊन मातीतले जीव खालच्या बाटलीत उतरवायचं साधन), 2 मिलिमीटरची जाळी, वर 40 वॅटचा पिवळा बल्ब, खाली 70 टक्के अल्कोहोल.

प्रौढ गॅलम्निडी भरपूर मिळतात. गोल, तपकिरी, चकचकीत. दोन्ही बाजूंना बिजागरीवर हलणारे कानासारखे पंख, पाय दुमडून त्याखाली घेतात. ओळखायला अडचण नाही. पिल्लं मात्र जवळजवळ शून्य.

सहा पायांची अळी आणि त्यापुढच्या, प्रौढ होण्याआधीच्या तिन्ही निम्फ अवस्था मऊ, फिकट कातडीच्या. काळी माती तापली की आकसते, ढेकळातल्या वाटा बंद होतात. प्रौढ कवचामुळे तग धरतात, पिल्लं मधेच सुकत असावीत. ढेकूळ फोडावं तर माती सरळ अल्कोहोलमध्ये गळते आणि हाती नुसता चिखल.

तर ढेकूळ अख्खं, पाल्याची बाजू खाली करून, 15 वॅटपासून आठवडाभर हळूहळू तापवलं तर फरक पडतो का? की मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात (घनता 1.2) तरंगवून काढावं? त्यात कुजका पालाही वर येतो, शिवाय मेलेल्यांची रिकामी कवचं, म्हणजे जिवंतांची मोजणी फसलीच. पाण्यावर हेप्टेनचा (पाण्यात न मिसळणारा हलका द्रव) थर देऊन चिकणमातीत कोणी केलंय का?

आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पारदर्शक करायला लॅक्टिक आम्लात पिल्लं किती वेळ ठेवता? प्रौढांना चालणारा वेळ दिला तर ती फुगून फुटतात.