अंतराळातली लढाई आणि जहाजातली गोळीबारी एकाच मॅपवर: पायलट उतरतच नाहीत, काय करावं?

तिसरा_हँगर

आम्ही काही जण मिळून सोर्स एसडीके २०१३ (व्हॉल्व्हच्या सोर्स या गेम-इंजिनवर गेम बनवायचा संच) च्या मल्टिप्लेअरवर एक मॉड, म्हणजे त्या इंजिनवरचा हौशी गेम, करतोय. दोन टीम, प्रत्येकीचं एक मोठं युद्धजहाज. फायटर घेऊन बाहेर लढायचं, नाहीतर ड्रॉपशिपने शत्रूच्या हँगरमध्ये उतरून बंदुकीने वाट काढत रिअ‍ॅक्टर फोडायचा. उडण्याचा भाग छान चालतो, गोळीबारीही छान चालते. पण एकत्र खेळायला बसलं की एका मॅपवर दोन वेगळे गेम सुरू असल्यासारखं वाटतं. उडायला आवडणारे शेवटपर्यंत फायटरमध्येच. बाकीचे हँगरमध्ये ड्रॉपशिपची वाट बघत उभे, आणि ती चालवायला कुणी पुढे येत नाही. निघालीच तर अर्ध्या वाटेत फुटते आणि आतले सगळे एकदम जातात.

टीममध्ये दोन मतं आहेत. फायटरच्या संख्येवर मर्यादा घालावी, किंवा ड्रॉपशिपच काढून शत्रूच्या जहाजात थेट रिस्पॉन द्यावा, म्हणजे मेलेला खेळाडू तिथेच पुन्हा उभा राहील. असे गेम भरपूर खेळलेल्यांनी सांगा, यातलं कुठलं करू?

जुना_गनर

दोन्ही नको. दुसरं तर अजिबात नको.

अनरिअल टूर्नामेंट २००४ मधल्या मदरशिपच्या मॅपपासून मी हा प्रकार खेळतोय. तिथे आधी लढाऊ यानातून शत्रूच्या जहाजावर हल्ला करायचा आणि मग पायी आत शिरायचं. नंतर हाफ-लाइफ २ वरचा इटर्नल सायलेन्स हा मॉड आला. मोठ्या स्टुडिओंनी जे अर्धवट सोडलं होतं ते हौशी पोरांनी करून दाखवलं, म्हणून तो माझ्या फार जवळचा. कॉकपिटमधून उतरून शत्रूच्या डेकवर पाय टेकतो, त्या क्षणासाठी लोक असा मॉड डाउनलोड करतात. नुसतं उडायला किंवा नुसत्या गोळ्या झाडायला दुसरे गेम ढिगाने आहेत. थेट रिस्पॉन दिलात तर नेमका तोच क्षण कापला जाईल.

तुमचे पायलट उतरत नाहीत, कारण उतरून त्यांना काही मिळत नाही. बाहेरची लढाई आतल्या लढाईवाचून अडली पाहिजे, आणि आतली बाहेरच्या वाचून. २००५ चा स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या नजरेने पुन्हा खेळून बघा. मोठ्या जहाजाला शील्ड असतं आणि त्या शील्डचा जनरेटर जहाजाच्या आत असतो. एखादा माणूस हँगरमध्ये उतरून तो निकामी करतो आणि बाहेरच्या बॉम्बरना वाट मोकळी होते. आत शिरलेला एकटा माणूस बाहेरच्या सगळ्यांच्या उपयोगी पडतो. शिवाय त्यात कुठलाही पायलट आपलं फायटर हँगरमध्ये उतरवून सरळ खाली उडी मारू शकतो. तुमच्याकडे हे आहे का? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे करा.

ड्रॉपशिपबद्दलही तिथूनच घ्या. शत्रूच्या हँगरमध्ये उतरलेलं ट्रान्सपोर्ट तुमच्या टीमचा रिस्पॉन पॉइंट बनतं. तुमच्या टीममधल्या दुसऱ्या मताला जे हवं होतं तेच हे, पण इथे ते कमवावं लागतं. मग ती चालवणाऱ्याला मान मिळतो, आणि तिला जपायला आपली फायटरं आपणहून सोबत येतात. आतल्या प्रत्येक सीटला एक तोफ द्या. फुटायची वाट बघत नुसतं बसून राहणं कुणालाच आवडत नाही.

आता बॅटलफील्ड २१४२ चा टायटन मोड, २००६ चा. टायटन म्हणजे प्रत्येक टीमचं उडतं युद्धजहाज. माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात शहाणी रचना तीच. जमिनीवरचे सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रांचे तळ, ताब्यात घ्यायचे, त्यांची क्षेपणास्त्रं टायटनचं शील्ड पाडतात. शील्ड पडल्यावर टायटनवर चढायचं, आतले चार कन्सोल फोडायचे आणि शेवटी रिअ‍ॅक्टर. पण वर चढणं जमलं नाही तरी क्षेपणास्त्रं टायटनला झिजवत राहतात. त्यामुळे खाली राहिलेल्यांची लढाई वाया जात नाही. तुमच्याकडे जिंकायचा रस्ता फक्त रिअ‍ॅक्टर असेल, तर पायलटना आपण राउंडच्या बाहेर आहोत असं वाटणारच.

पिंग_कमी

गनरांशी सहमत. थोडं इंजिनबद्दल सांगतो, कारण सोर्समध्ये हे करताना सगळे इथेच अडकतात.

मॅपची कमाल लांबी ३२,७६८ युनिट. १६ युनिटचा एक फूट धरला तर २,०४८ फूट, म्हणजे सव्वासहाशे मीटरच्या आसपास. अंतराळ म्हणून हे फार थोडं आहे. ग्रह, तारे, लांबचा ताफा सगळं थ्रीडी स्कायबॉक्समध्ये, म्हणजे मागे दिसणाऱ्या छोट्या देखाव्यात, टाका, ते सोळापट मोठं दिसतं. मोठी जहाजं हलवायच्या भानगडीत पडू नका. मॅपची भूमिती आणि तिच्यावरचा प्रकाश आधीच कंपाइल झालेला असतो, आणि हलत्या वस्तूवर उभा असलेला खेळाडू लॅगमध्ये (नेटवर्कच्या उशिरामुळे) थरथरतो. हँगरच्या तोंडाशी एरियापोर्टल (न दिसणारा भाग चित्रातून वगळणारी सीमा) लावा, नाहीतर बाहेरच्या प्रत्येक फायटरला दोन्ही जहाजांचं पोट रेंडर करावं लागेल.

दुसरं, एसडीकेमधलं लॅग कॉम्पेन्सेशन, म्हणजे नेटवर्कच्या उशिराची भरपाई, गोळी लागली का ते बघताना फक्त खेळाडूंना मागच्या जागी नेऊन तपासतं, वाहनांना नाही. इंटरपोलेशन, म्हणजे हालचाल सलग दिसावी म्हणून चित्र मुद्दाम मागे ठेवणं, डीफॉल्टला ०.१ सेकंद. सेकंदाला १,००० युनिट वेगाचं फायटर तुम्हाला दिसतं त्याच्या १०० युनिट पुढे असतं, आणि पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या वेळेचा) फरक वेगळाच. बाहेर हिटस्कॅन (झाडताक्षणी लागणारी गोळी) ठेवलंत तर नेम बरोबर असूनही गोळी हुकेल. बाहेर प्रोजेक्टाइल (उडत जाऊन लागणारी गोळी) आणि पुढे नेम धरायची खूण, आत हिटस्कॅन.

तिसरा_हँगर

आमची फायटरवरची तोफ हिटस्कॅनच आहे! लोक तक्रार का करत होते ते आत्ता कळलं. शील्ड जनरेटर आत हलवायचं नक्की. एक शंका: शील्ड पडल्यावर हरणारी टीम एकदम कोसळणार नाही का? आत शत्रू, बाहेर बॉम्बर.

जुना_गनर

कोसळेल, जर जनरेटर एकदा फुटला की कायमचा गेला असं ठेवलंत तर. तो दुरुस्त होऊ द्या. इंजिनिअर क्लासला खरं काम मिळेल आणि घरी थांबून जहाज राखणंही खेळण्यासारखं होईल. आज ते कुणीच करत नसणार, तुम्ही बचाव करणाऱ्यांचा उल्लेखही केलेला नाही. रिस्पॉनची जागा जनरेटरच्या फार जवळ नको, नाहीतर घुसणाऱ्याला उभंही राहता येणार नाही. मधे एक कॉरिडॉर आणि दोन दारं पुरेत. दोन्ही वाटा हँगरमधूनच फुटू द्या, म्हणजे उतरलेली ड्रॉपशिप नजरेसमोर राहील आणि बचाव करणाऱ्यांना ठरवावं लागेल की आधी तिला उडवायचं की जनरेटरकडे धावायचं.

जनरेटर बंद असताना तो पुन्हा सुरू व्हायला किती सेकंद उरलेत, ते दोन्ही टीमच्या पायलटना स्क्रीनवर दिसू द्या. बॉम्बर तेवढ्या वेळातच घुसतील.