शब्दचर्चा : ‘अतिवास्तववादी’ आहेत की होते?

तळटीप
एका त्रैमासिकाला दोन पानी नोंद लिहून दिली होती. सररिॲलिस्ट, म्हणजे स्वप्न आणि वास्तव एकत्र आणू पाहणाऱ्या कला-साहित्य चळवळीतली मंडळी सध्या काय काय छापतायत, हा विषय : प्रागचं ‘आनालोगोन’, इंग्लंडमधल्या लीड्स गटाचं ‘फॉस्फर’, माद्रिद गटाचं ‘सालामांद्रा’. पहिलं वाक्य मी लिहिलं होतं, ‘अतिवास्तववादी चळवळ आजही चालू आहे.’ अंक हातात आला तर तिथे, ‘अतिवास्तववादी चळवळ दीर्घकाळ चालू होती.’ संपादकांना फोन केला. म्हणाले, “वाद म्हटला की तो इतिहासातलाच. तुमचा काळ चुकला होता, दुरुस्त केला.” फार लागलं मला ते. हयात माणसं आहेत हो ती, अंक काढतायत.

आणखी एक. शेजारच्या मावशींनी नोंद वाचली आणि विचारलं, “अतिवास्तव म्हणजे अगदी फोटोसारखं हुबेहूब काढतात, तेच ना?” म्हणजे बरोब्बर उलटा अर्थ पोचला.

तर या लोकांना मराठीत काय म्हणावं? आणि ‘-वाद’ हे शेपूट लागल्यामुळेच ती मंडळी संपल्यासारखी वाटतात का?

मुळाक्षर
मावशींचं चुकलं नाही. मराठीत ‘अति’ म्हटलं की अतिवृष्टी, अतिसार, अतिरेक आणि ‘अति तेथे माती’. पण संस्कृतात ‘अति’चा आधीचा अर्थ ‘ओलांडून’. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं, खूप इंद्रियं असलेलं नव्हे. अतीत म्हणजे अति + इत, ओलांडून गेलेलं. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात अतींद्रियातला ‘अति’ होता, वाचणाऱ्यांच्या मनात अतिवृष्टीतला आहे. विश्वकोशात ‘अतिवास्तववाद’च आहे आणि तोच ठेवावा. शब्द बदलण्यापेक्षा समजावून सांगणं बरं.

रानजाई
आणि अतिथीतला अति? तिथी ओलांडून येतो तो अतिथी, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं.

मुळाक्षर
नाही हो रानजाईताई. ते ‘अत्’, म्हणजे फिरणे, यावरून. फिरस्ता तो अतिथी. तिथीची गोष्ट गोड आहे, पण मागून जोडलेली.

रानजाई
बरं. माझी बारा वर्षं कोलकात्यात गेली. तिकडे ‘पराबास्तब’ म्हणतात, आणि कुणाला ते फोटोसारखं वाटत नाही. हिंदीवाले ‘अतियथार्थवाद’ म्हणतात, म्हणजे आपल्यासारखेच अडकलेले. आपण ‘परावास्तव’ का घेऊ नये? परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणींतली परा. शब्द फुटण्याआधीची वाणी. सररिॲलिस्ट तरी दुसरं काय शोधत होते?

तळटीप
परा वाणीचं पटतंय, पण एक अडचण आहे. ‘परा’ म्हटलं की वास्तव इथे आणि ते दुसरं कुठेतरी वर, परलोकात, असं होतं. चळवळीचा प्रवर्तक आंद्रे ब्रतों यांनी १९२४च्या जाहीरनाम्यात याच्या उलट म्हटलंय : स्वप्न आणि वास्तव या वरवर विरोधी दिसणाऱ्या अवस्था पुढे एकमेकींत मिसळतील आणि एक प्रकारचं संपूर्ण वास्तव होईल, त्याला तो ‘स्युररेआलिते’ म्हणतो. पळून जायचं नाहीये, इथलंच वास्तव पुरं करायचंय.

शब्दचर्चेच्या दृष्टीनं एक गंमत. तिथे ब्रतोंनी ‘सररिॲलिझम’ या शब्दाची व्याख्या थेट कोशातल्या नोंदीसारखी दिली आहे, ‘नाम, पुल्लिंग’ असं लिहून. शब्द त्याचा नव्हे. १९१७मध्ये कवी अपॉलिनेरनं वापरला होता, आणि तो वारल्यावर ब्रतों आणि त्याचा सोबती सुपो यांनी त्याच्या आठवणीखातर उचलला. वर ब्रतों असंही नोंदवतो की आधीच्या शतकातल्या नेर्व्हाल या कवीचा ‘सुपरनातुरालिझ्म’ घेतला असता तर जास्त शोभलं असतं. ज्यानं शब्द लावून धरला त्यालाही तो शंभर टक्के बसलाय असं वाटत नव्हतं.

गच्चीवरून
‘वरवर’ शब्द आलाच आहे तर बोलतो. फ्रेंच ‘स्युर’ आलं लॅटिन ‘सुपर’वरून. ‘सुपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच मुळाचे. आणि ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ होऊन मराठीत झालं ‘वर’. म्हणजे त्यांचा ‘स्युर’ आणि आपल्या गच्चीवरचा ‘वर’ सख्खे चुलतभाऊ. अति नको, परा नको. ‘वरवास्तव’ म्हणा! घरचा शब्द आहे. माझी आजी पोटमाळ्याला ‘वरचं’ म्हणायची, “वरचं काढून आण”. तिथे काय काय असायचं : तुटकी पाळण्याची कडी, जुनी पंचांगं, एक काचेचा डोळा (कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही). वरचं म्हणजे घराबाहेरचं नव्हे, घरातलंच, पण रोजच्या हाताला न लागणारं. तळटीप म्हणतात तो अर्थ हाच ना?

मुळाक्षर
व्युत्पत्ती बरोबर आहे, शब्द चालणार नाही. ‘वरवरचं’ म्हणजे उथळ. ‘वरकरणी’ म्हणजे दिखाऊ. ‘वरवास्तव’ वाचून लोक ‘वरवरचं वास्तव’ समजतील. मग मावशींचा अर्थ परवडला म्हणायची वेळ येईल.

गच्चीवरून
वरदक्षिणेतला वर समजतील अशी भीती होती, तुम्ही निराळीच काढलीत. तरी मी माझा शब्द सोडत नाही.

दौत
एवढा खटाटोप कशाला? सरळ ‘सररियल’, ‘सररिॲलिस्ट’ लिहा. स्टेशन, टेबल चालतं, मग हेच का नको?

तळटीप
दौत, ‘सररिॲलिस्ट’ मीही लिहिते. पण नुसतं ‘सररियल’ झालं की शब्दातली हवा जाते. माझा भाचा ट्रॅफिकमध्ये गाय बसली तरी “सररियल!” म्हणतो. इंग्रजीतही तेच : मेरियम-वेबस्टर या कोशानं २०१६चा शब्द म्हणून ‘सररियल’ निवडला, आणि अर्थ उरला ‘विश्वास बसत नाही असं’. जपानीत शिष्टसंमत लांबलचक शब्द आहे, ‘चोगेन्जित्सुशुगी’, पण बोलताना पोरं नुसतं ‘शूरु’ म्हणतात, म्हणजे काहीतरी चमत्कारिक. चळवळीतल्या लोकांना याचंच दुःख आहे.

दौत
दुःख समजतं. पण शब्द कुणाच्या मालकीचा नसतो. भाचा वापरतो तोही वापरच की.

मुळाक्षर
वापर आणि वापरून वापरून झिजवणं यात फरक आहे.

पंचगंगा
मूळ प्रश्न आहेत की होते असा होता ना? थोडी भर घालतो. संपादकांच्या ‘होती’ला आधार अगदीच नाही असं नाही. ब्रतों १९६६मध्ये गेला, आणि ऑक्टोबर १९६९मध्ये त्याच्या गटातल्या जाँ शुस्तेरनं ‘ल माँद’ या वृत्तपत्रात लिहून पॅरिसच्या गटापुरतं जाहीर केलं की ‘ऐतिहासिक’ सररिॲलिझम आता संपला. पॅरिसमधल्याच व्हँसाँ बुनूर वगैरे लोकांना ते मान्य नव्हतं, त्यांनी काम चालू ठेवलं. शिकागोचा गट तर १९६६मध्येच सुरू होत होता. आणि ‘आनालोगोन’चा पहिला अंक त्याच १९६९मधला! लगेच बंद पाडला गेला, तो पुन्हा निघाला १९९०मध्ये. मधली वीस वर्षं प्रागचा गट गुपचूप काम करत होता. पॅरिसनं ‘होती’ म्हटलं म्हणून प्रागनं का म्हणावं?

प्रागवरून आठवलं. १९३४मध्ये तो गट स्थापन करणाऱ्यांत तोयेन ही चित्रकर्ती होती. ती चेकमध्ये स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलायची. मराठीत तिचं वाक्य आणायचं तर ‘मी आलो’ की ‘मी आले’? बाकी महाराष्ट्राला हा प्रश्न पडेल. आमच्या कोल्हापुरात पोरी सर्रास “मी येतो”, “मी जेवलो” म्हणतात. माझी बहीण पुण्यात कॉलेजला गेली तेव्हा यावरून तिला वर्गात हसले होते. तोयेन कोल्हापुरात अगदी सहज बोलली असती.

रानजाई
पंचगंगा, फार आवडलं हे. तळटीप, सररिॲलिस्टांच्या ‘काडाव्र एक्स्की’ या खेळाच्या नावाचं तुम्ही काय केलंत? मी एकदा ‘उत्कृष्ट प्रेत’ असं वाचलं होतं, आणि स्पर्धेतलं बक्षीस मिळालेलं प्रेत डोळ्यांसमोर आलं.

तळटीप
तिथेच तर घोडं अडलंय. घडी घातलेल्या कागदाचा खेळ आहे. एकानं शब्द लिहायचा, दुमडायचा, पुढच्याकडे द्यायचा. साधारण १९२५मध्ये पॅरिसला सुरू झाला आणि पहिल्या वाक्यावरूनच नाव पडलं : ‘ल काडाव्र एक्स्की ब्वारा ल व्हँ नुव्हो’, म्हणजे ते ‘एक्स्की’ प्रेत नवी वाइन पिईल. ‘एक्स्की’ हा खाण्याच्या पदार्थालाही लावतात, म्हणून ‘उत्कृष्ट’ नको. ‘रुचकर कलेवर’? ‘देखणं शव’?

मुळाक्षर
‘प्रेत’ सोडू नका. प्र + इत, पुढे गेलेलं. वर ‘अतीत’ सांगितला, त्यातलाच ‘इत’.

पंचगंगा
कलेवर, शव हे पोथीतले झाले. ‘मढं’ म्हणा. ‘नामी मढं नवी दारू पिईल.’ नामी म्हणजे निवडक आणि चवीचंही. नामी युक्ती, नामी आंबा.

हुर्राक
म्हापशाहून. ‘नवी दारू’ कशाला? व्हँ नुव्हो म्हणजे त्या वर्षीची ताजी. आमच्याकडे काजूचा हुर्राक उन्हाळ्यात दोन-तीन महिनेच असतो, लोक वर्षभर वाट बघतात. ‘मढं हुर्राक पिईल’ म्हणून बघा, लगेच मार्च महिन्याचा वास येतो.

मुळाक्षर
हुर्राक भट्टीतून काढलेला, वाइन आंबवलेली. जात वेगळी.

हुर्राक
जात वेगळी, नवेपण तेच.

तळटीप
या दिवाळीत आम्ही चौघी बहिणी खेळून बघितलं. मराठीत तो जरा जड जातो, कारण फ्रेंचसारखंच आपलंही विशेषण लिंग धरतं. एकीनं ‘हिरवा’ लिहिलं, दुसरीनं ‘म्हातारी’, झालं ‘हिरवा म्हातारी’. भूतकाळ घेतला तर क्रियापद कर्माच्या मागे जातं, ‘गिळला’ की ‘गिळली’ ते कागद उघडल्याशिवाय ठरत नाही. शेवटी दोन नियम केले. विशेषण न बदलणारं घ्यायचं : लाल, गार, उदास, ओलसर. आणि क्रियापद भविष्यकाळी, कारण तो पिईल, ती पिईल, ते पिईल, सगळं सारखंच. मग लक्षात आलं, मूळ वाक्यातलं ‘ब्वारा’सुद्धा भविष्यकाळीच आहे.

रानजाई
म्हणजे आहेत नाही आणि होते नाही. पिईल!

गच्चीवरून
तुमचं वाक्य काय आलं ते सांगा ना.

तळटीप
तिसऱ्या डावात आलं : ‘ओलसर विहीर उदास तिजोरी गिळेल.’ ‘उदास’ धाकटीनं लिहिलं होतं. तिला तिजोरीचं काहीच माहीत नव्हतं, आणि आमच्या माहेरची तिजोरी विकली त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडली होती तीच.

पंचगंगा
आज रात्री घरी खेळतो. बहिणीलाही बोलावतो.

दौत
नियम नीट लिहून द्याल का? विशेषण आधी की नाम आधी?